खेकडे मास्तरांचा डोळा

माझ्या सुलूला जुळ्या पोरी झाल्या ते साल. म्हणजे एक्क्याण्णव. गणपती जाऊन चार दिवस झाले होते. घरात पाळणा एक आणि पोरी दोन. एक निजली की दुसरी उठायची, आणि दोघी निजल्या की सुलूची सासू बोलायला लागायची. बाळंतिणीला बघायला म्हणून आलेली ती बाई दहा दिवस झाले तरी हलली नव्हती. मी ओट्यावर लंगोट पिळत बसले होते तेव्हा समेळभाऊ सायकलवरून उतरले.

"द्वारकाबाई, कारखाना बंद ना तुमचा महिनाभर?"

"बंद. मालक तिरुपतीला गेलेत."

"मग माझ्याकडे या. आठ-दहा दिवसांचं काम आहे. बारीक हात पाहिजे."

"कामाचं र्‍हाऊ द्या. तुमच्याकडे शांत हाय का, ते सांगा."

"पितृपंधरवडा चालू आहे. पत्रिका छापायला काळं कुत्रं फिरकत नाही."

मी उरलेले लंगोट सुलूच्या सासूच्या हातात दिले आणि पदर खोचून निघाले.

दिगंबर समेळांचं छापण्याचं दुकान पेणला बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणायचं, त्यावर चित्राचा साचा उठवायचा, खाली कागद ठेवायचा आणि वरून रबराच्या पट्टीने शाई ओढायची, असं ते काम. एका रंगाला एक चौकट. त्या जाळीत सुईच्या टोकाएवढी भोकं राहून जातात, आणि तिथून शाई गळून नको तिथे ठिपके पडतात. ती भोकं कुंचल्याने बुजवावी लागतात. माझा हात त्यासाठीच हवा होता. गणपतीच्या कारखान्यात मी बावीस वर्षं आखणी करत होते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळं रंगकाम झालं की शेवटी आखणी करणारा बसतो. तोपर्यंत ती माती असते. आखणीला बसणारी बाई आमच्या कारखान्यात मी एकटीच, म्हणून माझा थोडा तोराही होता.

दुकानात एक तरुण बाई जमिनीवर मांडी घालून कागद मोजत होती. केस आखूड, बोटं निळी, कपाळावरसुद्धा निळा डाग.

"या वृंदाताई टिपणीस," समेळभाऊ म्हणाले. "अलिबागच्या. मोठ्या चित्रकार आहेत. दोन वर्षं मेक्सिकोला होत्या."

"ते कुठं आलं?"

"अमेरिकेच्या खाली," वृंदा म्हणाली. "तुम्ही डोळे काढणाऱ्या मावशी ना? बसा. हा कागद बघा आधी."

मी हातात घेतला. तपकिरी, खरखरीत, एका बाजूला जाड तर दुसऱ्या बाजूला पातळ.

"कागद हाय हा? मला वाटलं करपलेली भाकरी."

ती इतकी हसली की मोजलेला आकडा विसरली. "झाडाच्या सालीचा आहे, मावशी. तिकडेच बनतो. पेटीत घालून आणलाय. ऐंशी कागद आहेत. चार चित्रं, प्रत्येकाच्या अठरा प्रती. किती झाले?"

"बहात्तर," समेळभाऊ म्हणाले.

"म्हणजे नासायला फक्त आठ. नववा नासला तर तो आणायला मला पुन्हा विमानात बसावं लागेल."

घटस्थापनेला मुंबईत तिच्या चित्रांचं प्रदर्शन उघडणार होतं. मंगळवारी. पण तिला त्याची एवढी फिकीर दिसली नाही. शनिवारची होती. शनिवारी तिची आई अलिबागहून पेणला येणार होती, दुकानातच.

"आई मुंबईला यायची नाही," ती म्हणाली. "संध्याकाळच्या आत घरी असायला लागतं तिला. पेणपर्यंत येते म्हणालीय, तेही मी पाया पडले तेव्हा. पहिली तीन चित्रं बिघडली तर बिघडू देत, मावशी. चौथं आईने शनिवारी बघायलाच हवं."

"का गं बाय? काय हाय त्यात?"

"ते नंतर," असं म्हणून ती शाई ढवळायला लागली.

पहिलं चित्र देवाचं होतं. डोळ्यांभोवती दोन मोठी कडी, तोंडातून बाहेर आलेले सुळे.

"हा कोण? चष्म्यातला राक्षस?"

"पावसाचा देव. चष्मा नाही तो. साप आहेत, डोळ्यांभोवती वेटोळं घातलेले."

"तरीच पाऊस वेळेवर येत नाय. त्याला दिसतच नसेल."

वृंदाने मला समजावून सांगितलं. त्या मुलखात पूर्वी अ‍ॅझ्टेक नावाचे लोक होते. त्यांच्या पोथ्या अक्षरांच्या नव्हत्या, चित्रांच्या होत्या. लांबच लांब पट्टी, पंख्यासारख्या घड्या घातलेली. परके लोक राज्य घ्यायला आले तेव्हा त्यांनी बहुतेक जाळून टाकल्या. उरल्या त्या थोड्या. वृंदाने त्या बघून, त्यांची रीत शिकून, स्वतःची चित्रं काढली होती.

"म्हणजे पोथी, पण वाचायला नको?" मी विचारलं.

"वाचायची. पण बघून."

हे मला फारच आवडलं. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. कारखान्यात मोजमापाची चिठ्ठी आली की मी ती मुकादमाच्या तोंडून वाचून घ्यायची आणि वर त्यालाच म्हणायची, अक्षर किती घाण काढतोस. मग काय, रोज दुपारी भोकं बुजवता बुजवता मी पोथी शिकले. तोंडातून वळलेली शेपटी निघाली म्हणजे माणूस बोलतोय. (मी म्हणाले होते, विडी ओढतोय.) शेपटीवर फुलं असली तर गातोय. पावलांचे ठसे म्हणजे कुणीतरी चाललंय.

"गौरीची पावलं काढतो तशी?"

"अगदी तशी. फक्त गौर येते. इथे बहुतेक जण जातात."

माणसाच्या डोक्यावर दोरीने बांधलेलं एक छोटं चित्र असायचं. ते त्याचं नाव. आणि चेहरे सगळे बाजूने बघणारे, म्हणून डोळा एकच. पण तो एक डोळा काढलेला मात्र समोरून. मी बावीस वर्षांत असला डोळा काढला नव्हता. घरी जाऊन चुलीपुढच्या राखेत काढून बघितला. बरा जमला.

दुसरं चित्र पिसांच्या सापाचं.

"सापाला पिसं? शेषानं गरुडाला गिळलं का गरुडानं शेषाला?"

"देव आहे तो, मावशी. वाऱ्याचा, विद्येचा."

"विद्येचा असेल तर माझी वळख नाय."

या सापाच्या पिसांची टोकं छापून बारीक येईनात. शाई पसरायची. दोन कागद नासले तेव्हा वृंदाने डोकं धरलं. मी म्हणाले, "टोकं सोडून छाप. मी हातानं लावते." अठरा प्रतींवर मी हिरवी टोकं हाताने लावली. वृंदा एकेक कागद उजेडात धरून बघत राहिली, मग म्हणाली, "मावशी, छापलेलं कुठलं आणि हाताचं कुठलं, मलाच कळत नाहीये." मला इतका आनंद झाला की घरी जाऊन सुलूच्या सासूशी गोड बोलले. ती घाबरली.

तिसऱ्यात एक म्हातारा देव होता, चुलीचा, डोक्यावर शेगडी घेतलेला. त्यात सहा कागद गेले. नासायचे आठही संपले.

चौथं चित्र गुरुवारी छापलं. अठराच कागद उरलेले, म्हणून समेळभाऊंनी गजाननाला नारळ फोडला. वृंदा पट्टी ओढताना श्वास धरायची आणि अठराव्या प्रतीनंतर ती भिंतीला टेकून बसलीच. एकही नासला नाही. आम्ही ते दोऱ्यांवर चिमटे लावून वाळत टाकले आणि मी खालून बघायला लागले.

आडवी निळी नदी, लाटांच्या टोकांवर शिंपले. या काठावरून पाण्यात शिरलेली पावलं. नदीत छातीपर्यंत बुडालेला एक माणूस, पुढे पोहत चाललेला पिवळा कुत्रा, आणि माणसाचा हात कुत्र्याच्या मानेवर. डोक्यावर दोरीने बांधलेला खेकडा.

"हा खेकडा म्हणजे याचं नाव?"

"हं."

"आणि कुत्रा..." मी विचार केला. "बाय, हा धर्मराज ना? सगळे भाऊ वाटेत पडले, कुत्रा तेवढा शेवटपर्यंत गेला."

वृंदा शाईची भांडी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "असं समजा."

"पण खेकडा? पांडव काय कोळीवाड्यात र्‍हायला आलेले?"

या वेळी ती हसली नाही. थकली असेल, असं मला वाटलं.

शुक्रवारी दुपारी ती आईला आणायला एस.टी.ने अलिबागला गेली. समेळभाऊ सासऱ्यांच्या श्राद्धाला वडखळला गेले, आणि मला म्हणाले, "तुम्ही नुसतं लक्ष ठेवा. कुणी बोटं लावायला नको."

मी लक्ष ठेवलं. लक्ष ठेवता ठेवता माझं लक्ष त्या डोळ्याकडे गेलं.

बाकी तिन्ही चित्रांत डोळे टकटकीत होते. या माणसाला डोळ्याच्या जागी फक्त एक खाली वाकलेली रेघ. खालची कड काढायची आणि वरची राहून जायची, तशी. मी चुकले, हे मी पुढे हजारदा कबूल केलंय, पण मी कशी चुकले तेही ऐका. पिसांची टोकं हातानेच लावली होती. मी आखणीवाली. डोळा माझ्यासाठीच सोडलेला असणार. दुसरं, हा धर्मराज. धर्मराज जिता-जागता, देहासकट स्वर्गात गेला, हे आमच्या गल्लीतलं शेंबडं पोर सांगेल. मग त्याचा डोळा मिटेलच कसा? आणि तिसरं म्हणजे आमच्या कारखान्याची रीत. आखणी झाल्याशिवाय मूर्ती उंबरा ओलांडत नाही. घाईत कुणी तशी नेली तर मालक रस्त्यात गाठून परत आणायचा. उद्या आई बघायला येणार, मंगळवारी मुंबई, आणि पोरगी दमून विसरलेली.

मी हात धुतले, देवाला नमस्कार केला आणि कुंचला घेतला.

टेबलावर शाईच्या डब्याच्या झाकणाखाली दाबून एक चिठ्ठी ठेवलेली होती. कागद कोरा नसला तरी कडेला बरीच जागा होती, म्हणून मी त्याच्यावर कुंचल्याचं टोक झटकून घेत होते. त्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, "हे चित्र पूर्ण आहे. हात लावू नये." मला अक्षरओळख झाली ती पुढे, पंचावन्न उलटल्यावर, नातींच्या पाटीवर.

चार तास लागले. रेघेवर कमान, आत पांढरा, मधे काळं बुबुळ, कोपऱ्यात इवलासा लाल. अठरा डोळे. एकाच हाताचे, पण प्रत्येक जरा वेगळा. शेवटचा झाल्यावर मी मागे सरून उभी राहिले. अठरा माणसं दोऱ्यांवरून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता नदी पार करतील.

शनिवारी साडेदहाला वृंदा आईला घेऊन आली. आई म्हणजे मनोरमाबाई. गोऱ्या, उंच, इस्त्रीची सुती साडी, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात छत्री. आत येताच म्हणाल्या, "चारची गाडी चुकायला नको हं, वृंदा."

"आई, पाच मिनिटं," असं म्हणत वृंदा पडद्याआड, वाळवणीच्या खोलीत गेली.

मी कौतुक ऐकायला तयार होते. आत गेले तर ती पहिल्या कागदासमोर उभी. तोंड पांढरंफटक.

"मावशी, हे काय केलंत?"

"डोळा उघडला. राहिला होता ना."

"राहिला नव्हता! मिटलेला होता तो. त्या पोथ्यांत मिटलेला डोळा म्हणजे... मी चिठ्ठी ठेवली होती, मावशी. हात लावू नये म्हणून."

"अगं, चिठ्ठी वाचता आली असती तर मी डोळे काढत बसले असते का?"

"आता कागद नाहीये," ती हळूच म्हणाली. "एकही नाहीये." आणि तिथल्या स्टुलावर बसली.

कारखान्यात बावीस वर्षांत अशी चूक माझ्या हातून झाली नव्हती. मी कुंचला शोधायला लागले. कशासाठी, तेही मला माहीत नव्हतं.

तोवर पडदा बाजूला झाला होता. मनोरमाबाई आत आल्या. छत्री दाराला टेकवली आणि दोऱ्यांखालून चालत गेल्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. अठरा डोळ्यांखालून. परत आल्या आणि मधल्या एका कागदासमोर थांबल्या.

"खेकडा," त्या म्हणाल्या. मग एकदम हसल्या. "पोरांनी ठेवलेलं नाव तुझ्या लक्षात आहे?"

वृंदाने मान वर केली.

मला कळेना. मनोरमाबाईच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आमचे हे शाळेत ड्रॉइंग शिकवतात. फळ्यावर चित्र काढताना फळ्याला चिकटून आडवे आडवे चालतात. म्हणून खेकडे मास्तर. सगळं अलिबाग म्हणतं. त्यांनाही माहीत आहे. त्यांनी स्वतःच एकदा फळ्यावर चष्मा लावलेला खेकडा काढला."

"मग मास्तर नाय आले संगती?" मी विचारलं.

खोलीत असं काही झालं की मला शब्द परत गिळावेसे वाटले. समेळभाऊ दारात येऊन म्हणाले, "चहा सांगू ना?" आणि तसेच सांगायला गेले.

वृंदा बोलली. माझ्याशी बोलत होती, पण आईला ऐकवत होती.

"बाबा ब्याऐंशीच्या शिमग्याला होडीतून गेले, मावशी. समुद्रातला किल्ला काढायला. वारा उलटला. होडी सापडली. होडीवाला सापडला. चित्रांची वही सापडली, वाळवून ठेवलीय. बाबा नाही सापडले. नऊ वर्षं झाली. आई रोज तिन्हीसांजेला दारात दिवा ठेवते. त्यांच्या चपलांना तेल लावते. काका येऊन सांगून गेले, मामा सांगून गेले, भटजी आले. आई उठून आत जाते. मी दहा वेळा तोंड उघडलं, मला बोलता येत नाही तिच्यापुढे. म्हणून काढलं. तिकडचे लोक म्हणत, माणूस गेला की कुत्रा त्याला नदीपार नेतो. डोळा मिटलेला असला की तो गेलेला. मला एवढंच सांगायचं होतं तिला. एका रेघेत. आणि तुम्ही..."

मी खाली बघितलं. जमिनीत शिरता आलं असतं तर शिरले असते.

मनोरमाबाई चित्रावरून नजर न काढता म्हणाल्या, "मला कळत नाही, असं वाटलं तुला?"

"आई..."

"मला आठव्या दिवशी कळलं, वृंदा. समुद्राकाठचीच आहे मी. तुझे काका आले तेव्हा मी भाजी निवडत होते. ते म्हणाले, वहिनी, दादा गेला असं धरा. धरा! माणूस काय पावशेर भेंडी आहे, धरायला? माझी सासू गेली, तिचे डोळे मी मिटले. माझे वडील गेले, भावाने मिटले. घरातलं कुणीतरी हाताने मिटतं, मग माणूस गेलेला असतो. यांचे कोण मिटणार होतं? मासे?"

बाहेर कपबशा वाजल्या. समेळभाऊंनी पडद्यातून बघितलं आणि ट्रे घेऊन तसेच मागे सरले.

मनोरमाबाई माझ्याकडे वळल्या. "हे डोळे तुम्ही काढलेत?"

"व्हय, वहिनी. चुकले. आमच्याकडे आखणी झाल्याशिवाय..."

"छान काढलेत. हे असंच बघायचे, कोपऱ्यातून. कुणी चोरून गूळ खाल्ला का ते." त्यांनी तो कागद चिमट्यातून काढला, टेबलावर ठेवला. "आता हा मिटता येईल?"

मी गडबडले. "वहिनी, मी जन्मात डोळा मिटला नाय. उघडायचंच काम माझं."

"तुम्ही नका मिटू. मी मिटते. तुम्ही फक्त माझा हात धरा."

वृंदा उठून उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं, तिने हो म्हणून मान हलवली. मग मी त्या माणसाच्या कातडीचा रंग जुळवायला बसले. विटकरी, थोडा पिवळा, थेंबभर काळा. तीनदा चुकला, चौथ्यांदा जुळला. मनोरमाबाई खुर्चीवर बसल्या. मी मागे उभी राहून त्यांच्या हातात दोन नंबरचा कुंचला दिला आणि कारखान्यात नवीन पोरांना शिकवायची तसा वरून त्यांचा हात धरला. हात गार होता, पण हलत नव्हता.

आधी पांढरा झाकला, मग लाल कोपरा, मग बुबुळ. बुबुळावर त्यांनी कुंचला जरा थांबवला. मी ओढलं नाही. त्यांनीच पुढे नेला.

"आता वाळू द्यायचं," मी म्हणाले. "त्याशिवाय रेघ बसायची नाय."

"किती वेळ?"

"एक चहा."

समेळभाऊ बाहेर याचीच वाट बघत होते. चहा आत आला. मनोरमाबाईंनी घोट घेतला आणि नाक मुरडलं. "आलं घातलंय. यांना आलं चालायचं नाही. म्हणायचे, चहा प्यायचा की काढा? एकदा तर माझ्या माहेरी सगळ्यांदेखत कप परत केला होता. मी दोन दिवस बोलले नव्हते." त्या बोलत राहिल्या. मास्तरांचा वाढदिवस, मास्तरांचं घोरणं, शाळेची सहल मुरुडला गेली आणि मास्तरच चुकले ते. वृंदा आईच्या पायाशी बसून ऐकत होती. कप हातात तसाच होता.

रंग वाळला. मी कुंचला काळ्या शाईत बुडवून टोक लावून दिलं.

"खाली वाकलेली एक रेघ. आतून बाहेर. एका दमात घ्या, वहिनी. मधे थांबलात तर डोळा किलकिला र्‍हातो."

या वेळी त्यांनी माझा हात बाजूला केला. एकट्यांनी ओढली. मी बावीस वर्षं रेघा ओढत होते, पण इतकी सलग उतरलेली रेघ माझ्या हातून फार थोड्या वेळा आली.

"झालं?"

"झालं."

"किती वाजले?"

समेळभाऊंनी घड्याळ बघितलं. "अकरा वाजून... नाही, थांबा, हे पुढे आहे. अकरा दहा."

वृंदाचा हुंदका फुटला. मनोरमाबाईंनी तिला एका हाताने जवळ घेतलं आणि दुसऱ्या हाताने कागद पलीकडे सरकवला. "त्याच्यावर रडू नको. शिल्लक कागद नाही म्हणालीस ना?"

बऱ्याच वेळाने मी धीर करून विचारलं, "वहिनी, आणि हे बाकीचे सतरा? हेपण मिटायचे?"

त्यांनी दोऱ्यांकडे एकदा बघून घेतलं. "ते राहू देत. त्यांना मुंबई बघायची फार हौस होती."

चारच्या गाडीला मायलेकी गेल्या. कागद गुंडाळून छत्रीच्या बाजूला धरलेला. सतरा मुंबईला गेले. प्रदर्शनात एका गृहस्थांनी त्या उघड्या डोळ्यापुढे अर्धा तास उभं राहून वृंदाला सांगितलं, मृत्यूच्या नदीत डोळा उघडा ठेवण्याची ही कल्पना फार खोल आहे. वृंदाने त्यांना सांगितलं, ती कल्पना पेणच्या द्वारकाबाई मोकल यांची. त्यांनी वहीत नाव लिहून घेतलं म्हणे.

पण मला जास्त आवडतं ते त्याआधीचं, सोमवारचं, सर्वपित्रीचं. मनोरमाबाईंनी स्वतः निरोप धाडून भटजींना बोलावलं. देह मिळाला नाही तर पळसाच्या पानांचा माणूस करून संस्कार करतात, तो कधी करायचा ते ठरवायला. भटजींनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, "तिथीची अडचण नाही, वहिनी. गेल्याचा दिवस म्हणून होडी गेली तो शिमग्याचा धरू."

"तो नको," मनोरमाबाई म्हणाल्या. "त्या दिवशी ते फक्त चित्र काढायला गेले होते."

"मग कुठला लिहू?"

त्यांनी सांगितला, भटजींनी लिहिला. त्या घरात अजून तोच पाळतात. भालचंद्र गोविंद टिपणीस, अलिबागचे ड्रॉइंग मास्तर, शनिवार, पाच ऑक्टोबर एकोणीसशे एक्क्याण्णव रोजी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पेण येथे वारले.